गाणे हवे, गाणारीण नको : श्याम बेनेगलांच्या चित्रपटांतील हैदराबाद

श्याम बेनेगलांचे चित्रपट म्हणजे बिनगाण्यांचे चित्रपट, असा एक समज आपल्याकडे बराच रूढ आहे. 'समांतर सिनेमा' म्हटले की भेगाळलेली जमीन, जमीनदाराचा वाडा, कोनाड्यातली मिणमिणती चिमणी आणि फार थोडे बोलणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. त्या चित्रात गाण्याला जागा नसते. बेनेगलांवर जे लिहिले गेले त्यातही भर राहिला तो सरंजामशाही, ग्रामीण शोषण आणि स्त्रीचे दुय्यमत्व ह्या विषयांवर. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण अपुरे आहे असे मला निश्चित वाटते. 'निशांत', 'भूमिका', 'मंडी', 'त्रिकाल', 'सरदारी बेगम' हे चित्रपट ओळीने पाहावेत. गाण्यावर ज्यांचे पोट चालते, किंवा गाण्यावर ज्यांची ओळख टिकून असते, अशा लहान लहान समाजांकडे हा दिग्दर्शक पुन्हा पुन्हा वळलेला दिसतो. आणि प्रत्येक वेळी त्याचा प्रश्न एकच असतो : समाजाला गाणे हवे असते, मग गाणारीण शेजारी का नको असते?

हा प्रश्न त्यांना हैदराबादने दिला, असे माझे मत आहे. ते जरा विस्ताराने मांडतो.

बेनेगलांचा जन्म १४ डिसेंबर १९३४ चा, सिकंदराबादच्या त्रिमुलघेरी छावणीतला. घर कोकणी बोलणाऱ्या चित्रापूर सारस्वतांचे, वडील छायाचित्रकार. बाहेर उर्दू आणि तेलुगू, छावणीत इंग्रजी, घरात कोकणी. आपल्या सीमाभागातल्या वाचकाला ही स्थिती समजावून सांगावी लागत नाही. महबूब कॉलेजच्या शाळेत आणि पुढे निजाम कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, विषय अर्थशास्त्र. हैदराबादेत फिल्म सोसायटी सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९४८ ची पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुने संस्थान भाषावार तीन राज्यांत वाटले गेले तेव्हा एकवीस वर्षांचे. म्हणजे मराठवाडा, बिदर-गुलबर्गा आणि तेलंगण एका राजवटीखाली नांदत होते, तो काळ त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

त्या हैदराबादेत गाणे एका जातीचे नव्हते. दर्ग्यात कव्वाली होती, मोहरमला मर्सिया होता, हबशी वंशाच्या सिद्दी लोकांचे मर्फा वाजे. तेलंगणाच्या खेड्यांतून बुर्रकथा आणि ओग्गुकथा होत्या. लग्नाआधी मोहल्ल्यातल्या बायका जमून 'ढोलक के गीत' म्हणत, विहिणीची टिंगल करणारी, अस्सल दखनी बोलीतली. माझ्या आईला ह्यांतली पाच-सहा गीते शेजारच्या घरातून ऐकून पाठ झाली होती. भाकऱ्या थापताना ती ती गुणगुणत असे, आणि ओसरीवर आजोबांची काठी वाजली की थांबत असे. अभंग म्हणताना तिला थांबावे लागत नसे. हा भेद कुणी कुणाला शिकवला नव्हता. तो घरात होताच.

आणि ह्या साऱ्याच्या जोडीला कोठा होता. हैदराबादच्या इतिहासात माहलकाबाई चंदा ही काही कोपऱ्यातली व्यक्ती नाही. निजामाच्या दरबारातली ही गायिका-नर्तकी उर्दूत गझला लिहीत असे आणि तिचा दिवाण प्रसिद्ध आहे. तिच्याकडे जहागिरी होत्या. १८२४ साली ती वारली आणि मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी, आपल्या आईच्या कबरीपाशी तिला पुरले. आज उस्मानिया विद्यापीठ जिथे उभे आहे ती अडिकमेटची जमीन एके काळी तिच्या जहागिरीत मोडत होती, असे सांगितले जाते. म्हणजे शहराची सर्वांत प्रतिष्ठित संस्था एका तवायफेच्या जमिनीवर उभी आहे, आणि त्याच शहरात 'मेहबूब की मेहंदी' ही कोठ्यांची वस्ती सभ्य माणसाने नाव न घ्यायची जागा ठरली. हा विरोध ज्या शहरात रोज दिसतो, तिथल्या विद्यार्थ्याने पुढे 'मंडी' काढावा ह्यात मला नवल वाटत नाही.

१९५९ साली बेनेगल मुंबईच्या जाहिरात व्यवसायात शिरले. १९७० च्या सुमारास त्यांनी माहितीपट केले, त्यांत ताल आणि लय, श्रुती, राग यमनकल्याण अशा विषयांवरचे माहितीपटही आहेत. म्हणजे पहिल्या कथापटाच्या आधीच संगीताचे व्याकरण कॅमेऱ्यासमोर कसे मांडावे ह्याचा विचार त्यांनी केलेला होता. जाहिरातींच्या त्याच दुनियेत वनराज भाटिया होते. लंडन आणि पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आलेल्या ह्या संगीतकाराने जाहिरातींची असंख्य गाणी बांधली होती. 'अंकुर'पासून जवळजवळ पंचवीस वर्षे बेनेगलांचे बहुतेक चित्रपट भाटियांच्या संगीताने बांधलेले आहेत, आणि ह्या जोडीचा वेगळा विचार आपल्या समीक्षेत फारसा झालेला नाही.

'अंकुर' (१९७४) हैदराबादजवळच्या येल्लारेड्डीगुड्यात चित्रित झाला. त्यात गाणी नाहीत असे म्हटले तरी चालेल, पण त्यातली बोली हेच त्याचे संगीत आहे. मुंबईच्या प्रेक्षकाला ती बोली गंमतीची वाटली असेल. नांदेड, देगलूर, उदगीरच्या माणसाला मात्र 'नक्को' आणि 'हौ' ऐकून पडद्यावर प्रथमच आपल्या बाजारातला आवाज ऐकू आला. 'निशांत'मध्ये (१९७५) विजय तेंडुलकरांची कथा-पटकथा आहे, आणि ती तेलंगणातल्या जमीनदारांच्या दहशतीची आहे. अशा चित्रपटात भाटियांनी एकच गाणे ठेवले, आणि ते थेट हैदराबादचा संस्थापक महंमद कुली कुतुबशहा ह्याच्या दखनी गझलेचे. प्रीती सागर ह्यांच्या आवाजातली ती गझल ऐकताना जाणवते की ज्या भूमीत राजाने स्वतः रयतेच्या बोलीत प्रेमगीत लिहिले, त्याच भूमीत शिक्षकाची बायको भर गावातून उचलून नेता येते आणि गाव गप्प बसते. त्यावर भाष्य करण्याची दिग्दर्शकाला गरज पडलेली नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा चित्रपट अर्थातच 'भूमिका' (१९७७). त्याचा आधार हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन. अरुण साधूंनी शब्दांकन केलेले हे पुस्तक १९७० साली निघाले. पुस्तकाला नाव मिळाले ते अनंत माने ह्यांच्या १९५९ च्या तमाशापटाचे, ज्यात हंसाबाईंनी काम केले होते. हे पुस्तक अनेक घरांत कपाटाच्या आतल्या रांगेत असे. ते वाचले गेले ते बाईच्या आयुष्यात किती पुरुष आले ह्या हिशेबाने, हे नाकारण्यात अर्थ नाही. बेनेगलांनी त्यातून दुसरी गोष्ट बाहेर काढली. त्यांच्या उषाची आजी गाणाऱ्या घराण्यातली आहे. ती नातीला शिकवते. आईला मात्र त्या परंपरेतून सुटका हवी आहे, तिला लग्नाची, घरंदाजपणाची ओढ आहे. आणि ह्या दोघींच्या मधे केशव दळवी येतो, जो त्या पोरीचा गळा स्टुडिओत नेऊन विकतो. अमोल पालेकरांनी ह्या माणसाला खलनायक होऊ दिले नाही, म्हणून तो अधिक अंगावर येतो. उषा चित्रपटभर नवरा, प्रियकर, घर बदलत राहते असे आपण म्हणतो. मला दिसते ते असे की आजीजवळ बसून गाण्याची जी जागा होती तिच्यासारखी जागा तिला पुन्हा कुठेच सापडत नाही.

इथे भाटियांचे काम नीट ऐकावे. तीस ते पन्नासच्या दशकांतल्या बोलपटांची गाणी त्यांनी त्या त्या काळाच्या वाद्यमेळात नव्याने घडवली, आणि गळे घेतले ते सरस्वतीबाई राणे आणि फिरोज दस्तूर ह्यांच्यासारख्या किराणा घराण्याच्या गायकांचेही. सरस्वतीबाई म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांची कन्या, हिराबाई बडोदेकरांची बहीण. जी स्त्री स्वतः मैफलीच्या सभ्य रंगमंचापर्यंत पोचली, तिचा आवाज त्या रंगमंचापर्यंत न पोचलेल्या घराण्याच्या गोष्टीत यावा, ही निवड मला अतिशय अर्थपूर्ण वाटते. स्मिता पाटीलला ह्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला.

आपल्याकडे तमाशातली बाई म्हटले की 'पिंजरा' (१९७२) आठवतो. तिथे बाईच्या नादाने मास्तर धुळीला मिळतो, आणि प्रेक्षक हळहळतो तो मास्तरसाठी. 'भूमिका' त्यानंतर पाचच वर्षांनी आला. दोन्ही चित्रपट ज्या घरांनी पाहिले, त्यांनी ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले का, असा प्रश्न मला पडतो. जाता जाता आणखी एक नोंद : पुढच्याच वर्षी चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'वर बेनेगलांनी हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत चित्रपट केला. तेलुगू रूपाचे नाव 'अनुग्रहम', संवाद आरुद्र ह्या तेलुगू कवीचे. मराठी कादंबरी तेलुगूत नेणे हैदराबादच्या माणसाला अवघड वाटले नाही.

'मंडी' (१९८३) हा माझ्या मते त्यांचा सर्वांत हैदराबादी चित्रपट. मूळ गोष्ट गुलाम अब्बास ह्यांची 'आनंदी'. नगरपालिका वेश्यांना गावाबाहेर काढते, आणि त्या जिथे जातात तिथेच हळूहळू नवे गाव वसते. बेनेगलांनी ही गोष्ट हैदराबादच्या मुलखात रुजवली आणि तिच्यात एक महत्त्वाची भर घातली, ती गाण्याची. रुक्मिणीबाईचा (शबाना आझमी) सारा जीव जीनतवर (स्मिता पाटील) आहे, कारण जीनत गाते. तिला गिऱ्हाइकांपासून ती जपते, आपले घर हे कलेचे घर आहे असे सांगते. हे सांगणे अर्धे ढोंग आणि अर्धे खरे आहे, आणि चित्रपटाची सारी गंमत आणि सारे दुःख त्या अर्ध्या-अर्ध्यात आहे. कारण त्याच घरात एका मुक्या-बहिऱ्या मुलीला फसवून आणले आहे, आणि तिच्यासाठी कलेच्या गोष्टी कुणी करत नाही.

मधला साखरपुड्याचा प्रसंग पाहावा. ज्या प्रतिष्ठितांना हा कोठा गावात नको आहे, त्यांच्याच समारंभात त्या बायका गायला येतात. सतरंजी एकच असते. तिच्या एका बाजूला नीतिमत्ता बसलेली असते आणि दुसऱ्या बाजूला गाणे. जीनतचे ज्या घराशी रक्ताचे नाते आहे त्या घराच्या मुलाची नजर तिच्यावर जाते, आणि ज्याला सत्य ठाऊक आहे तो बाप बोलू शकत नाही. गझला ऐकाव्यात तर त्यांत बहादूरशहा जफर आहे, इन्शा आहे, आणि हैदराबादचा कम्युनिस्ट कवी मखदूम मोहिउद्दीनही आहे. मखदूमची कविता मोर्च्यात म्हटली गेली, आणि इथे ती कोठ्यावर येते. ती कुठेच परकी वाटत नाही.

'पाकीजा' (१९७२) आणि 'उमराव जान' (१९८१) ह्यांच्याशी तुलना केली म्हणजे 'मंडी'चे वेगळेपण कळते. त्या दोन्ही चित्रपटांत कोठा हा देखणा तुरुंग आहे आणि नायिकेची तहान त्यातून सुटण्याची आहे. सत्यजित राय ह्यांच्या 'जलसाघर'मध्ये (१९५८) बेगम अख्तर प्रत्यक्ष गातात, पण गोष्ट असते ती ऐकणाऱ्या जमीनदाराची. बेनेगलांच्या इथे गोष्ट गाणाऱ्यांची आहे, आणि त्यांना भाडे भरायचे असते, भांडायचे असते, जेवायचे असते. अर्थात 'मंडी' निर्दोष नाही. शेवटच्या तिसऱ्या भागात पात्रांची इतकी गर्दी होते की फार्सचा धागा हातून निसटतो, आणि गझला स्टुडिओत धुऊन काढल्यासारख्या स्वच्छ वाटतात. कोठ्यावरची धूळ त्यांना लागलेली नाही.

ह्यानंतरचा 'त्रिकाल' (१९८५) पाहताना लक्षात येते की प्रश्न फक्त तवायफेचा नव्हता. १९६१ च्या गोव्यातले एक कॅथलिक घराणे, पोर्तुगीज राजवटीचे शेवटचे दिवस, घरात सुतक आणि त्याच वेळी साखरपुड्याची घाई. रेमो फर्नांडिस ह्या चित्रपटात गातात आणि दिसतातही. गोव्याच्या त्या वाड्यांत गाणे हीच उरलेली मालमत्ता आहे. राज्य जाते, जमीन जाईल, सूर तेवढे राहतील. पाश्चात्त्य संगीतात वाढलेल्या भाटियांना हा चित्रपट मनासारखा मिळाला असे वाटते. बेनेगलांना त्यासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'भारत एक खोज' (१९८८) ह्या ५३ भागांच्या मालिकेत महाभारत दाखवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी छत्तीसगडच्या तीजनबाईंची पंडवानी आणली. राष्ट्राचा इतिहास सांगताना तंबुरा घेऊन उभी राहिलेली ती बाई दूरदर्शनवरून घराघरांत पोचली. वसंत देवांनी हिंदीत आणलेले ऋग्वेदातले सूक्त आणि तीजनबाईंचा खडा आवाज एकाच मालिकेत बरोबरीने बसवणे, ही मला बेनेगलांची भूमिकाच वाटते.

'सरदारी बेगम' (१९९६) मध्ये मात्र मला अधिक तक्रारी आहेत. कथा खालिद मोहंमद ह्यांची. ठुमरी गाणारी एक वयस्क बाई दिल्लीच्या दंग्यात दगड लागून मरते. बातमी करायला आलेल्या तरुण पत्रकार मुलीला कळते की ही आपली आत्या होती आणि तिचे नावही घरात घेतले जात नव्हते. मग एकेकाच्या आठवणींतून सरदारी उभी राहते. तवायफेकडे गाणे शिकली म्हणून बापाने टाकलेली, जमीनदाराने ठेवलेली, नवऱ्याने तिच्या गळ्याचा व्यापार केलेली. रचना चांगली, पण पत्रकार मुलगी आपल्याला प्रत्येक गोष्टीचा अर्थ समजावत राहते आणि प्रेक्षकाला काम उरत नाही. ठुमऱ्या विजापुरात जन्मलेल्या आरती अंकलीकर-टिकेकर ह्यांनी फार सुंदर गायल्या आहेत. माझी अडचण सुंदरपणाचीच आहे. सरदारीचे वय वाढते, आयुष्य खचते, तरी गळा तसाच राहतो. गायिकेच्या चरित्रात गळ्यावर वय दिसू नये, हे मला खटकते.

तरीही ह्या चित्रपटाने जो घाव घातला तो खोल आहे. सरदारी दंग्यात मरते तेव्हा ती कोणाच्याच बाजूची नसते. तिच्या ठुमरीत राधा-कृष्ण आहेत आणि तिची कबर मुसलमानांच्या दफनभूमीत. तिला घराने नाकारले, गल्लीने ऐकले, आणि दगड मारणाऱ्याला ती कोण हे ठाऊकही नव्हते. चित्रपट आला तो १९९२-९३ च्या दंगलींनंतर तीन-चार वर्षांनी. हैदराबादनेही दंगली पाहिल्या आहेत, आणि आपल्या जिल्ह्यांतल्या जुन्या माणसांना १९४८ च्या आधीचे आणि नंतरचे दिवस आठवत असत. अशा वेळी सर्वांत आधी मरते ती दोन्हीकडची भाषा बोलणारी वस्तू, आणि गाणे ही तशी वस्तू आहे.

पुढचा 'झुबेदा' (२००१) मी ह्या ओळीत शेवटचा मानतो. तिथे संगीत ए. आर. रहमान ह्यांचे आहे आणि गाणी गोड आहेत, पण नायिकेची नाचाची हौस बापाने एका फटक्यात मोडलेली असते. उरते ती शोभा. २०१० च्या 'वेल डन अब्बा'त बेनेगल पुन्हा दखनी बोलीकडे आणि विनोदाकडे वळले. गाणारे समाज मात्र त्यांच्या चित्रपटांतून मागे पडले होते. वनराज भाटिया मे २०२१ मध्ये गेले, बेनेगल २३ डिसेंबर २०२४ ला. त्या दोघांनी मिळून जे केले त्याची बेरीज मांडायला आता हरकत नसावी.

ती बेरीज मी अशी मांडतो. हिंदी चित्रपटाने गाणाऱ्या बाईला एक तर पूजिले किंवा तिचा उद्धार केला. बेनेगलांनी तिला शेजारीण म्हणून पाहिले. ही दृष्टी त्यांना ग्रंथांतून मिळाली नसावी. चार भाषा एका गल्लीत बोलल्या जातात अशा गावात वाढलेल्या माणसाला ठाऊक असते की पलीकडच्या घरातले गाणे भिंतीला विचारून येत नाही. आपण सीमाभागातले लोक हे रोज अनुभवतो. आपल्या मुलांच्या तोंडी तेलुगू चित्रपटगीते आहेत, बायकांच्या भजनी मंडळांत कानडी चाली आहेत, लग्नाच्या वरातीत हैदराबादचा मर्फा वाजतो. गाणे आपण केव्हाच घरात घेतले आहे. ते ज्यांच्याकडून घेतले त्यांना घरात घेतले का, हे मात्र आपण क्वचित तपासतो. मराठी शाळा टिकावी, वाचनालय टिकावे म्हणून आपण झटतो, आणि ते योग्यच आहे. त्या वाचनालयाच्या कपाटात 'सांगत्ये ऐका' पुढच्या रांगेत ठेवायला काय हरकत आहे? आणि एखाद्या संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात 'भूमिका' आणि 'मंडी' लागोपाठ दाखवावेत. घरातल्या आजींनाही बोलवावे. त्यांना कोणती गाणी येतात आणि ती त्यांनी इतकी वर्षे कुणासमोर म्हटली नाहीत, ते चित्रपट संपल्यावर त्यांनाच विचारावे.